पाचव्या दिवसाचं पाणी

राजशेखर सरांचं आणि माझं भांडण झालं ते वासावरून. हसू नका, खरंच वासावरून.

"सर, पोखरगावच्या पाण्याला घाण वास येतोय. मी स्वतः तिथं उभी होते काल."

"वासाचा कॉलम नाही आपल्याकडं, अक्षता," सर म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडं वळले.

अशा वेळी माझं डोकं जे सणकतं ना! आई म्हणते, मुलीच्या जातीला एवढा राग बरा नाही. आई काय, आईला सगळंच बरं नाही. पण मला सांगा, दोन डोळे, एक नाक घेऊन जिवंत माणूस समोर उभं आहे, आणि तुम्ही आकाशातल्या यंत्राचं ऐकणार?

आमचं काम काय ते आधी सांगते. सोलापुरात एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही उजनी धरणाचं पाणी बघतो. एक उपग्रह दर पाचव्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या पुढंमागं धरणावरून जातो आणि फोटो काढतो. पाण्यात शेवाळ वाढलं की पाण्याचा रंग बदलतो, आणि किती बदलला ते फोटोवरून मोजता येतं. असे कितीतरी वर्षांचे फोटो सरांनी जमवलेत. आता फोटो खरं बोलतोय का, हे तपासायला कुणीतरी त्याच दिवशी, त्याच वेळेला होडीतून जाऊन पाणी भरून आणावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

एरवी ह्या कामाची कुणी दखल घेत नव्हतं. यंदा घेतली. धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांना पाणी शुद्ध करायची मोठी यंत्रणा मिळणार होती. सगळ्यांना एकदम नाही. ज्यांचं पाणी सगळ्यात खराब, त्यांना आधी, आणि खराब कुणाचं ते सरांच्या अहवालावरून ठरणार. अहवाल अजून दोन आठवड्यांनी, शुक्रवारी जायचा होता आणि पोखरगाव त्यात कुठंच नव्हतं. का, तर तिथलं पाणी दोन वर्षांपासून स्वच्छ! सर तर त्यावर लेख लिहायला बसले होते. धरणातलं पाणी आपोआप कसं सुधारतं, असं काहीतरी.

आणि भांडणाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी आईला घेऊन करमाळ्याच्या कमळाभवानीला गेले होते. येताना म्हटलं, बजाबाईमावशींकडं चहा घेऊन जाऊ. मी पाणी भरायला जाते ती होडी त्यांची. मुलगा दिग्विजय ती चालवतो. मासेमारी आणि थोडी केळीची बाग, असं त्यांचं घर. मला बघितल्यावर मावशींचा चेहराच पडला.

"आज कशाला आलीस गं? आज तुजं ते येनार न्हवतं की!"

मला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण त्या मला काठाकडं जाऊच देईनात. ऊन लागंल, हितंच बस, शेंगा खा, केळी घेऊन जा. मी मुद्दाम उठून गेले. आई गं! सबंध फुगवट्यावर हिरवी जाड साय धरली होती, तापवलेल्या दुधावर धरते तशी. वासानं मी दोन पावलं मागं सरले. गावाच्या नळांना पाणी जातं ती विहीर त्याच पाण्यात. काठावरच्या बायकांच्या हातांवर लाल चट्टे. मावशींची दुभती म्हैस तेच पाणी पिऊन गेल्या महिन्यात गेली, हे मला त्या दिवशी कळलं, तेही शेजारणीकडून.

म्हणून मी सरांशी भांडले. सरांनी शांतपणे आलेख दाखवला. "हे बघ. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपर्यंत हिरवं. तिथून पुढं साफ. आणि तू आणलेल्या बाटल्याही तेच सांगतात. तुझ्याच बाटल्या आहेत बाई!"

मी आलेखाकडं बघत राहिले. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. मी कामावर रुजू झाले ती दिवाळी. माझ्या मनात एक शंका आली आणि ती काही केल्या जाईना. घरी आल्यावर मी स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालत होते. आई वैतागली. "सुम्न कूड गं," म्हणाली. गप बस, एवढाच अर्थ. आमच्याकडं राग आला की आई कानडीत शिरते.

सोमवारी उपग्रह यायचा होता. मी नेहमीसारखा दिग्विजयला फोन केला, उद्या येते, होडी तयार ठेवा. फक्त नेहमीसारखी सोलापूरहून गाडीनं दहाला पोचले नाही. रविवारीच टेंभुर्णीला मैत्रिणीकडं मुक्काम केला आणि उजाडताच तिची स्कूटी घेऊन निघाले.

पोखरगावचा काठ दिसायच्या आधी मोटारींचा आवाज आला. वळणावर गाडी थांबवून बघते तर काय, गावातल्या झाडून सगळ्या होड्या पाण्यात! काही गोलगोल फिरून साय फोडत होत्या, काही दोन-दोन मिळून मधे जाळं धरून शेवाळ आणि जलपर्णी ओढत बाहेरच्या मोठ्या पाण्याकडं नेत होत्या. आणि काठावर पदर खोचून बजाबाईमावशी.

"आरं बिभीषणा, त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय की! डोळं हायेत का बटनं? साडेधाला येतंय ते! उरका लवकर!"

मी खाली उतरले. मला बघून मावशींचा हात वरच्या वर राहिला.

"मावशी, हे काय चाललंय?"

"काय म्हंजी? पावनं यायचं म्हनल्यावर आंगन झाडतो का न्हाई आपन?"

"पाहुणे कोण?"

मावशींनी वर आभाळाकडं बोट केलं. "तूच सांगितलंस की. दर पाचव्या दिशी येतंय, वरनं फोटू काढतंय. मंग? गावाची घान दिसू द्यायची व्हय? स्वच्छतेची समिती यायची तवा बी आमी असंच करायचो. पार उकिरडं सुदिक रांगोळ्या काडून बसवलं हुतं. दोनदा इनाम आलंय गावाला, इचार कुनाला बी."

मला हसावं का रडावं कळेना. दोन वर्षं! दर पाचव्या दिवशी हे गाव पहाटे उठून पाणी घासत होतं, आणि ढवळून साफ केलेलं ते पाणी मीच बाटलीत भरून इमानदारीत सोलापूरला नेत होते. उपग्रह फसला, मी फसले, सर तर लेख लिहीत होते. मग राग आला. कुणावर राग, ते मात्र नक्की सांगता येत नव्हतं. बाईनं चांगुलपणानंच केलं होतं सगळं.

"मावशी, ही समिती नाही हो! इथं जे गाव घाण दिसेल त्याला यंत्र मिळणार आहे. पाणी शुद्ध करायचं यंत्र. तुमचं पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून तुमचं नाव नाही त्यात."

मावशी खाली काठावरच बसल्या.

"म्हंजी घान ठिवतील त्येंला यंत्र. आन आमी घासून घासून मेलो, आमाला काय?"

"काही नाही."

"ठेंगा?"

"ठेंगा, मावशी."

"आगं मंग हे आदी सांगायचं न्हाईस व्हय, सटवे!" त्या ओरडल्या, आणि मलाच दोन-चार अस्सल शिव्या बसल्या. मी पण ओरडले. तुम्ही विचारलंत का, म्हणाले. होड्यांवरची माणसं मोटारी बंद करून आमचं भांडण ऐकत बसली. शेवटी दोघींचाही दम संपला. मावशी हाताच्या चट्ट्यावर नख फिरवत म्हणाल्या, "आता परत कंदी यायचंय ते?"

"शनिवारी. त्यानंतर गुरुवारी. शुक्रवारी अहवाल जाणार. ह्या दोनांतला एक फोटो खरा मिळाला, तरी नाव घालता येईल."

"शनवारी?" पलीकडं दिग्विजय होडी बांधत होता, त्याच्याकडं बघून मावशींनी आवाज खाली केला. "शनवारी दिग्याचं घर बगायला येत्यात. माळशिरसकडची मान्सं हायेत. चार वर्सं झाली, कुनी उंबऱ्याला आलं न्हवतं. एकतीस सरलं त्येला. पोरगी चांगली हाय गं, नर्सिंग शिकलेली."

"दुपारनंतर बोलवा. उपग्रह गेल्यावर करा की साफ."

"उनाच्या आत येतो म्हनलेत. आन मी काय म्हनून नको म्हनू?"

यंत्र मिळालं तर सगळ्या गावाला मिळणार, आणि सोयरीक मोडली तर ह्या एका घराची मोडणार. हे मी त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

सोलापूरला येऊन सरांना सगळं सांगितलं. सर आधी पांढरे पडले, मग त्यांनी तो लेख बंद केला, एवढं त्यांचं मानायला पाहिजे. पण म्हणाले, "सगळ्या गावांना एकच माप आहे, अक्षता, फोटोचं. बाटलीवर किंवा तुझ्या सांगण्यावर मी नाव घालू शकत नाही. एक तरी फोटो आण."

शनिवारी मी पोचले तेव्हा मोटारींचा आवाज नव्हता. होड्या काठाला बांधलेल्या आणि मधे हिरवंगार, घट्ट पाणी. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला, कारण पाहुण्यांची जीप दारात उभी होती.

मी ओसरीच्या कडेला बसले. मुलीच्या वडिलांनी आधी केळीची बाग बघितली, मान डोलावली. घर बघितलं, मान डोलावली. मग वारं फिरलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि विचारलं, "हे काय कुजलंय?"

"पानी," मावशी म्हणाल्या. सरळ. "उन्हाळ्यात आसंच आसतंय आमचं पानी. झाकून काय सांगू तुमाला?"

दिग्विजयच्या हातातला चहाचा ट्रे थांबला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. पाहुणे भली माणसं, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. चहा अर्धा ठेवून, "कळवतो" म्हणून निघून गेले. आपल्याकडं 'कळवतो' म्हणजे काय ते शेंबडं पोर पण सांगेल.

आणि मग मी वर बघितलं. इंदापूरच्या बाजूनं ढग येत होते. वळवाचे, मोठाले. नको, नको, थांबा जरा, असं मी खरंच मोठ्यानं बोलत होते, येड्यासारखी. साडेदहाला सगळ्या फुगवट्यावर सावली होती. पाऊस एक थेंब पडला नाही. तासाभरानं पुन्हा कडक ऊन.

संध्याकाळी फोटो उघडला. बाकी धरण दिसत होतं. पोखरगावच्या जागी नुसतं पांढरं.

फोन करायची हिंमत होत नव्हती, पण न सांगून कसं चालेल? केला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आमी चारचौघांत नाक कापून घेतलं, आन त्येनं नेमकं तवाच डोळं झाकलं?"

"मावशी, गुरुवारी अजून एकदा..."

"आग लागू दे तुज्या गुरवाराला!" त्यांनी फोन ठेवला. मी रडले. सरळ सांगते, भांडं घासता घासता रडले, आणि आईनं काही न विचारता माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

बुधवारी दिग्विजयचा फोन आला. हा माणूस आपणहून कधी फोन करत नाही.

"मॅडम, उद्या पोरीचा मामा येतोय. पोरगी घरात अडून बसलीया म्हनं, हितंच द्या म्हनती. मामा म्हनला, त्या दिशी उनानं वास मारला आसंल, मी एकदा बगून येतो."

"उद्या कधी?"

"सकाळच्यालाच."

मला म्हणायचं होतं, दिग्विजयदादा, फिरवा होड्या, संसार लावा तुमचा, खड्ड्यात गेला अहवाल. आणि मला म्हणायचं होतं, हात जोडते, नका फिरवू, हा शेवटचा फोटो आहे. दोन्ही खरं होतं. तोंडातून एकच निघालं, "मावशी काय म्हणतायत?"

"ती काय म्हननार," तो म्हणाला. "ठिवतो मॅडम."

रात्रभर मी कूस बदलत होते. मावशी फिरवतील, असंच मला वाटत होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही फिरवल्या असत्या. आईच आहे शेवटी ती.

गुरुवारी आभाळ निरभ्र. शोधून ढग सापडला नसता. मी वळणावर गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि कान दिला. मोटारीचा आवाज नाही. झालं असेल आधीच उरकून, म्हटलं, आणि उतरले.

पाणी हिरवंगार होतं. शनिवारपेक्षा जास्त.

काठावर मामा उभे होते, पांढरा सदरा, हातात टोपी. त्यांच्यासमोर मावशी. मावशींचे डोळे सुजलेले होते.

"माणसं लाखात एक हायेत तुमी," मामा म्हणत होते. "पोराला नाव ठिवायला जागा न्हाई. पन बजाबाई, ह्या पान्यावर भाचीला कशी पाठवू? तुमीच सांगा. तुमची लेक आसती तर?"

मावशी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नसती पाठवली. मी बी नसती पाठवली, भाऊ."

मामांनी हात जोडले. मावशींनीही जोडले. जीप गेली.

तेवढ्यात दिग्विजयनं होडी सोडली आणि नेहमीसारखं म्हणाला, "चला मॅडम, टाइम झालाय." मी बाटल्या घेऊन बसले. त्यानं मोटार चालू केली नाही, वल्हं घेतलं.

"मोटार?"

"पेट्रोल न्हाई."

"संपलं?"

"काढून ठिवलं. सगळ्या होड्यांचं. पाटंच उठून." तो सायीच्या कडेकडेनं, पाणी फारसं न हलवता होडी नेत होता. "आय म्हनली हुती फिरवा म्हून. रातीच सगळ्यांला सांगून आलती घरोघर. पाटं येऊन बगत्यात तर एक बी मोटार चालू हुईना. लई शिव्या दिल्या तिनं."

"दादा, का पण?"

त्यानं सायीच्या अलीकडं होडी थांबवली, वल्हं पाण्याबाहेर काढून आडवं ठेवलं. वास असा की डोळ्यांतून पाणी येत होतं, का ते दुसऱ्या कशानं, मला माहीत नाही.

"फसवून आनली आसती तिला," तो म्हणाला, "तर उद्या तिच्या लेकराला म्याच हे पाजलं आसतं की, मॅडम."

मी तोंडाला ओढणी लावली. घड्याळ बघितलं. वेळ झाली होती. त्यानं मान वर केली, ऊन लागलं म्हणून डोळ्यांवर हात धरला आणि विचारलं, "दिसंल न्हवं समदं?"

"दिसेल."

"मंग हालू नका," तो म्हणाला. "बगू दे त्येला नीट."